तांदळातले नाव, पितळेवरचे नाव

काही वर्षांपूर्वी आमच्यापैकी एकीच्या सासरी माळा रिकामा करण्याचे काम निघाले. दारव्हा तालुक्यातले मातीच्या भिंतींचे जुने घर पाडून तिथे सिमेंटचे बांधायचे होते. माळ्यावरून पितळेचे दोन गुंड, एक घंगाळ, तीन पराती, काही गंज आणि गडवे उतरले. सगळे काळे पडलेले. कोणाच्याही स्वयंपाकघरात त्यांना जागा नव्हती, घासायला वेळ तर नव्हताच. तेव्हा ते पोत्यात भरून मोडीला नेले गेले. दुकानदाराने वजन केले, हिशेब केला आणि पैसे मोजता मोजता एका परातीची कड अंगठ्याने पुसून त्याने विचारले, “मॅडम, हे कोनाचं नाव व्हय हो?” परातीवर ठिपक्याठिपक्यांनी एक नाव कोरलेले होते. त्याच्यापुढे ‘चि. सौ. कां.’, मागे ‘हीस मामाकडून’, आणि शेवटी शके १८६५. नाव घरातल्या कोणालाच ओळखू आले नाही. दुसऱ्याच कोणाची तरी परात लग्नकार्यात बदलून आली असेल, असे ठरवून पैसे घेतले गेले.

महिन्याभराने, दुसऱ्याच कशासाठी तरी झालेल्या फोनवर, आजेसासूबाईंच्या माहेरची एक वृद्ध आतेबहीण सहज त्यांचा उल्लेख त्याच नावाने करून गेली. परात आजेसासूबाईंचीच होती. लग्नाआधीचे त्यांचे नाव पन्नास वर्षे एका घरात राहूनही त्या घराला ठाऊक नव्हते. मोडीच्या दुकानात पुन्हा जाऊन पाहिले तेव्हा माल केव्हाच पुढे गेला होता. दुकानदाराचा यात काहीच दोष नाही. त्याने तर विचारले होते.

ते नाव आम्ही इथे लिहीत नाही. ते घरचे आहे. पण त्या प्रसंगानंतर आम्ही सहकारी ज्या गोष्टीचा पाठपुरावा करीत आलो, ती मात्र सार्वजनिक आहे. कुटुंबाची आठवण लहानशा, टिकाऊ, कोरीव वस्तूत साठवून ठेवण्याची धडपड आपल्याकडे नवी नाही. प्रश्न असा की, अशा वस्तूत नेमके काय साठते आणि काय निसटते?

अनेक समाजांत लग्नात वधूचे नवे नाव ताटातल्या तांदळांवर अंगठीने लिहिले जाई; काही ठिकाणी आजही लिहिले जाते. (त्या तांदळांचे पुढे काय होते, हे कोणी विचारत नाही.) नाव बदलण्याची चाल सगळीकडे सारखी नव्हती, पण जिथे होती तिथे एक विलक्षण उलटापालट होई. तांदळात लिहिलेले, हात फिरवताच पुसले जाणारे नाव त्या बाईला जन्मभर पुरे. आणि आंदणाच्या पितळेवर घाव घालून कोरलेले नाव मात्र सासरच्या उंबरठ्यावरच संपे. सासरी तिला त्या नावाने हाक मारणारे कोणीच नसे. शाळेत गेली नाही म्हणून दाखला नाही. जन्माची नोंद नाही. जमिनीच्या कागदांत पुढे नाव लागलेच तर ते सासरचे. आमच्या आजेसासूबाई पैनगंगेच्या पलीकडून, वऱ्हाडी लोक ज्याला ‘मोगलाई’ म्हणत त्या निजामाच्या मुलखातून आलेल्या. शके १८६५ म्हणजे इ. स. १९४३. त्या मुलखातला सरकारी कारभार उर्दूतून चालत असे. म्हणजे मराठीत, देवनागरीत, त्यांचे जन्मनाव लिहिलेला आम्हांला माहीत असलेला एकमेव ‘दस्तऐवज’ ती परात होती.

मराठीच्या विद्यार्थ्याला हे नवे वाटू नये. रमाबाई रानडे माहेरच्या यमुना कुर्लेकर, लक्ष्मीबाई टिळक माहेरच्या मनकर्णिका गोखले, डॉ. आनंदीबाई जोशी याही माहेरच्या यमुनाच. ही नावे आपल्याला पाठ आहेत, कारण त्यांनी लिहिले किंवा त्यांच्यावर लिहिले गेले. रमाबाईंच्या आठवणी १९१० साली प्रसिद्ध झाल्या, ‘स्मृतिचित्रे’चे भाग १९३४ पासून. ज्यांनी पुस्तक लिहिले नाही त्यांच्यासाठी कुलवृत्तांत नावाचा एक वाङ्मयप्रकार आपल्याकडे आहे. पण त्याच्या वंशवेलीत मुलगी ‘अमक्यांना दिली’ एवढ्यावर संपते आणि सून ‘अमक्यांची कन्या’ एवढ्यावर सुरू होते. मग राहते ती भांडी. बायकांच्या जन्मनावांचा शोध घ्यायचा तर महाराष्ट्रातल्या माळ्यांवर, फडताळांत, देवघराखालच्या पेटाऱ्यांत एक प्रचंड संग्रह पसरलेला आहे, किंवा होता. त्याची सूची कोणी केलेली नाही.

या संग्रहाला विदर्भात एक फार जुना आणि फार मोठ्या घरचा पूर्वज आहे. सुमारे सोळाशे वर्षांपूर्वी वाकाटकांच्या राज्याचा कारभार प्रभावतीगुप्ता या राणीने आपल्या अल्पवयीन मुलाच्या वतीने पाहिला. रामटेकजवळच्या नंदिवर्धनाहून तिने दिलेल्या एका दानाचा ताम्रपट ‘पुणे ताम्रपट’ म्हणून ओळखला जातो. दान देणारी वाकाटकांची पट्टराणी, दिलेले गाव वाकाटकांच्या राज्यातले. पण ताम्रपटाच्या आरंभी येते ती वंशावळ तिच्या माहेरची, गुप्तांची. घटोत्कच, पहिला चंद्रगुप्त, समुद्रगुप्त, दुसरा चंद्रगुप्त. मग त्याची मुलगी ती. आईचेही नाव आहे: नागकुळातली कुबेरनागा. गोत्रसुद्धा तिने नवऱ्याचे सांगितले नाही, धारण हे बापाचे गोत्र सांगितले. रिद्धपूरच्या ताम्रपटातही तेच. वा. वि. मिराशी यांनी वाकाटकांचे कोरीव लेख १९६३ साली एकत्र प्रसिद्ध केले. त्यात हे दोन्ही ताम्रपट वाचता येतात आणि वाचताना इतिहासाच्या अभ्यासकांना सुचतात ते गुप्त-वाकाटक संबंधांचे प्रश्न. आम्हांला त्यात दिसली ती परात. सासरच्या मुलखात, सासरच्या लोकांसमोर, माहेरचे नाव धातूवर कोरून ठेवणारी बाई.

अर्थात राणीने ते आठवणीसाठी कोरले नव्हते. ताम्रपट हा जमिनीचा कागद. दान कोणी दिले, कोणत्या अधिकाराने दिले, हे पुढे कोणी नाकारू नये म्हणून वंशावळ. भांड्यांचेही तसेच. नाव घालण्याची चाल मुळात आठवणीतून निघालेली नाही. गावात लग्न निघाले की घरोघरची भांडी गोळा होत आणि कार्य उरकले की ज्याची त्याला परत जायला हवीत; म्हणून नाव. आहेर कोणाकडून आला हे उद्या त्यांच्याकडच्या कार्यात फेडताना ध्यानात राहावे. म्हणून ‘मामाकडून’, ‘आत्याकडून’. मालकी आणि देणेघेणे, दोन्ही हिशेबाच्याच गोष्टी. आपल्या कौटुंबिक इतिहासाची सर्वांत विश्वासार्ह साधने अशी हिशेबाच्या पोटी जन्मलेली असावीत याचे काहींना वाईट वाटते. आम्हांला वाटत नाही. आठवण म्हणून मुद्दाम लिहिलेल्या मजकुरात माणूस सजवून सांगतो. परतीच्या भांड्यावर सजवण्यासारखे काही नसते.

हे नाव घालण्याचे काम भांड्यांच्या दुकानातच होई. कासार किंवा त्याचा माणूस टोकदार पोलादी छिन्नी आणि लहान हातोडी घेऊन एकेक ठिपका ठोकत जाई. ठिपक्यांच्या ओळींतून अक्षर उभे राही. शिरोरेषा कधी असे, कधी नसे. ऱ्हस्वदीर्घ कानाने ठरे. जोडाक्षर सुटे होई. सांगणारा अशिक्षित आणि कोरणारा जेमतेम लिहिणारा, अशा दोघांच्या मधून आलेली ही लेखी मराठी आहे. वाकाटकांच्या ताम्रपटांत अक्षराच्या डोक्यावर लहानशी चौकट असते, म्हणून त्या वळणाला पेटिकाशीर्षक म्हणतात. आपल्या पाठ्यपुस्तकांत तिला परिच्छेद मिळतो. परातीवरच्या ठिपक्यांच्या देवनागरीला ओळसुद्धा मिळालेली नाही. पुढे विजेवर चालणारे कोरणीयंत्र आले, त्याबरोबर स्टीलच्या भांड्यांवरची बारीक, तिरकी, धावती अक्षरे आली. ज्याला दोन्ही अक्षरे पाहायची सवय झाली आहे तो साल न वाचताही भांड्याचा काळ अंदाजाने सांगू शकतो.

परातीवर नाव आहे, चेहरा नाही. याच्या नेमके उलट आहे ते देवघरातल्या टाकांचे. महाराष्ट्रात अनेक घरांच्या देवघरांत खंडोबा, भवानी यांच्या टाकांशेजारी पूर्वजांचे टाक असतात. इंच-दोन इंचांचा चांदीचा, तांब्याचा किंवा पितळेचा पातळ पत्रा. त्यावर उठवलेली आकृती, कुठे घोड्यावरचा वीर, कुठे उभे जोडपे. घरातले मोठे माणूस गेले, किंवा कोणी अकाली गेले आणि त्याची बाधा होते असे वाटू लागले, की त्याचा टाक करून देवांत बसवायचा. कुटुंबाची आठवण लहानशा कोरीव धातूत जतन करण्याचा याहून नेमका प्रकार आम्हांला माहीत नाही. पण बहुतेक टाकांवर नाव नसते. आणि चेहरा? तो सोनाराकडच्या ठशाचा. एका ठशावर अनेकांचे आजोबा उठवले जात. म्हणजे हुबेहूबपणा हा टाकाचा हेतूच नाही. टाक सांगतो एवढेच की इथे कोणीतरी होते आणि त्याला रोज आंघोळ घालायची आहे.

या रोजच्या आंघोळीनेच टाक झिजतो. आधी नाक जाते, मग डोळे, मग घोडा आणि माणूस एक होतात. झिजलेला टाक उजळून आणायचा किंवा विसर्जन करून नवा घडवायचा. जपण्याच्या क्रियेनेच जपलेली गोष्ट पुसली जाते, असा हा व्यवहार आहे. श्राद्धात बाप, आजा, पणजा या तीन पिढ्यांची नावे उच्चारली जातात; त्यापलीकडचे सगळे नुसते ‘पितर’. टाक याच हिशेबाने चालतो. नाव तीन पिढ्या टिकते, चांदी त्याहून जास्त टिकते, आणि पणजोबांच्याही पलीकडच्या टाकाकडे बोट दाखवून कोण म्हणून विचारले तर म्हातारी माणसे सांगतात, “असतील कोनी आपलेच.” एका दृष्टीने हे उत्तर फार चांगले आहे. इतिहासाच्या दृष्टीने ते काहीच सांगत नाही.

एका टाकाची गोष्ट मात्र निराळी. पहिली बायको वारल्यावर नवऱ्याने दुसरे लग्न केले, तर नवी बायको पहिलीचा लहानसा टाक गळ्यात घाली. सवतीचा कोप होऊ नये म्हणून. नवे वस्त्र नेसताना आधी तिला दाखवायचे, सणाला आधी तिचे पान वाढायचे. यात भीती आहे, हे उघडच. पण कोणत्याही कुलवृत्तांतात ‘प्रथम पत्नी निवर्तली’ एवढ्यात संपणारी बाई इथे दुसऱ्या बाईच्या गळ्यात तिच्या मरणापर्यंत राहते. तिची आठवण ठेवण्याचे काम नवऱ्यावर नव्हे, सवतीवर सोपवलेले असते. या विषयावर मराठीत एखादी चांगली कादंबरी व्हायला हवी होती.

इथे थांबून एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर हा सगळा मजकूर सुखवस्तू माळ्यांची स्तुती होईल. पितळेवर नाव असण्यासाठी आधी घरात पितळ असावे लागते, आणि त्याहीआधी ते वापरण्याची मुभा असावी लागते. डॉ. आंबेडकरांनी १९३६ च्या ‘जातिनिर्मूलना’च्या भाषणात अहमदाबाद जिल्ह्यातल्या झनू या गावची हकीकत दिली आहे. तिथल्या अस्पृश्य बायकांनी धातूच्या भांड्यांतून पाणी आणायला सुरुवात केली, एवढ्याच कारणावरून १९३५ साली त्यांच्यावर हल्ला झाला. धातूचे भांडे हे नुसते भांडे नव्हते. ज्यांच्या घरी मातीचीच मडकी होती, त्यांच्या आज्यांची जन्मनावे कोणत्या मोडीत निघणार? टाकांचेही तेच. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली. श्राद्ध व पिंडदान करणार नाही ही प्रतिज्ञा बावीस प्रतिज्ञांत आहे. आमच्या जिल्ह्यातल्या बौद्ध घरांत पूर्वजांची आठवण टाकात नाही. ती भिंतीवर, बुद्ध आणि बाबासाहेब यांच्या तसबिरींजवळ लावलेल्या फोटोत आहे.

आणि ज्यांच्याजवळ धातू नव्हता त्यांच्याजवळ अंग होते. गोंदण हे मेल्यावरही बरोबर जाते, बाकीचे दागिने इथेच राहतात, ही समजूत विदर्भातल्या अनेक समाजांतल्या बायकांकडून ऐकायला मिळते. जत्रेत गोंदून घेतलेली नावे, तुळशी, ठिपके यांच्याकडे आम्ही इतकी वर्षे लोककला म्हणून पाहत होतो. ती नोंद आहे, हे ध्यानात यायला उशीर झाला. मात्र तिची मुदत माणसाइतकीच.

फोटो आला तेव्हा नाव आणि चेहरा एकत्र येण्याची पहिल्यांदाच सोय झाली. हीही गंमत सांगण्यासारखी आहे की जुना कृष्णधवल फोटो ही मुळात चांदीच असते: सरसासारख्या जिलेटिनच्या थरात पसरलेले चांदीचे सूक्ष्म कण. म्हणजे आजोबांचा टाक आणि आजोबांचा फोटो एकाच धातूचे. म्हणूनच नीट धुतलेला कृष्णधवल फोटो शंभर वर्षे सहज टिकतो. सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या रंगीत फोटोंत मात्र चांदी उरत नाही, रंगद्रव्ये उरतात आणि ती उडतात. आमच्या लग्नांच्या आल्बमांत सगळे वऱ्हाड आता तांबूस झाले आहे. आईवडिलांच्या लग्नातले अजून काळेपांढरे, स्वच्छ आहेत. पण टिकाऊपणाने काय साधले? फोटोच्या पाठीवर स्टुडिओचा शिक्का असतो, नावे नसतात. काढला तेव्हा नावे लिहायची गरज कोणालाच वाटली नाही, कारण सगळेच सगळ्यांना ओळखत होते. खुर्चीत बसलेले ते आजोबा. मागे उभ्या असलेल्या, पदर डोक्यावर घेतलेल्या तिघी कोण? एक बहुधा आजी. कोणती, यावर दोन काकांमध्ये एकमत नाही.

मग पितळ गेले कुठे? साठ-सत्तरच्या दशकांत वऱ्हाडातल्या घराघरांत स्टील शिरले, तेव्हा ते बहुतेक मोड देऊन शिरले. पितळेचा गुंड द्या, स्टीलची पातेली न्या. या अदलाबदलीवर उसासे टाकणारे लेख आपण वाचतो. ते लिहिणाऱ्यांनी राख आणि चिंच घेऊन घंगाळ घासलेले नसते आणि कल्हईवाल्याची वाटही पाहिलेली नसते. ज्या हातांनी पितळ घासले त्या हातांना स्टील हे सुखच होते, आणि त्यांनी आपली जन्मनावे आपणहून वजनकाट्यावर ठेवली, हेही खरे आहे. काहींनी ठेवली नाहीत, त्यांच्याकडून ठेवून घेतली गेली. कापूस बुडाला, सावकाराचा तगादा आला, मुलाची फी भरायची होती. अशा वेळी घरातून आधी निघते ती चांदी आणि मग तांबे-पितळ. धातूचा हा दोष आहे: तो टिकतो, पण तो पुन्हा वितळवता येतो, आणि वितळवला तरी त्याला भाव असतो. पुण्याचा तो ताम्रपट अभ्यासकांच्या हाती पडला तो मूळच्या अहमदनगरच्या एका तांबट घराण्याकडून. ज्यांचा धंदाच तांबे वितळवून घडवण्याचा, त्यांनी तो पत्रा भट्टीत घातला नाही. का घातला नाही, हे आपल्याला कळण्याचा मार्ग नाही; पण प्रभावतीची आई कुबेरनागा हे नाव असलेला तो पत्रा आज आपण वाचू शकतो ते त्यांच्यामुळे.

आज तालुक्याच्या गावीही लेझरने लाकडावर, काचेत, धातूच्या पट्टीवर फोटो कोरून मिळतो. वाढदिवसाला, लग्नाच्या पन्नाशीला अशा वस्तू दिल्या जातात आणि त्या ‘पिढ्यान्‌पिढ्या टिकतील’ असे सांगितले जाते. टिकतीलही. याहून मोठे प्रयोगही झाले आहेत. अमेरिकेत २००८ साली तयार झालेल्या रोझेटा तबकडीवर, जेमतेम तीन इंचांच्या निकेलच्या चकतीवर, दीड हजार भाषांचे नमुने तेरा हजार पानांत सूक्ष्म अक्षरांनी कोरलेले आहेत. वाचायला सूक्ष्मदर्शक पुरे. आणि १९७७ साली व्हॉयेजर यानांतून अंतराळात गेलेल्या तबकड्या तर तांब्याच्याच आहेत, वर सोन्याचा मुलामा. त्यांवर ११५ चित्रे आणि ५५ भाषांतले अभिवादन आहे आणि त्या ५५ भाषांत मराठी आहे. तांब्यावर कोरलेली मराठी आंतरतारकीय अवकाशात गेली, असे आम्ही वर्गात सांगतो तेव्हा मुले हसतात आणि मग गप्प होतात. पण त्या तबकडीबद्दल आम्हांला सगळ्यांत महत्त्वाची वाटते ती दुसरीच गोष्ट. तिच्याबरोबर वाजवायची सुई पाठवली आहे, आणि ती कशी वाजवायची याची खूण आवरणावर कोरली आहे. नुसती तबकडी पाठवून भागणार नाही, हे करणाऱ्यांना ठाऊक होते.

आमच्या परातीबरोबर सुई नव्हती. सुई म्हणजे ती फोनवरची आतेबहीण. तिच्यावाचून परात घरात राहिली असती तरी मुकीच राहिली असती. आणि परात गेल्यावरही तिच्यामुळे नाव मात्र कळले. याचा अर्थ धातू निरर्थक आणि तोंडी आठवण श्रेष्ठ, असा काढण्याचा मोह होतो. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात त्याला आधारही आहे. रिद्धपूर, जिथल्या ताम्रपटाचा उल्लेख वर आला, तेच महानुभावांचे रिद्धपूर. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी चक्रधरांच्या लीळा ज्याच्या त्याच्याकडे जाऊन, विचारून, पडताळून लिहून काढल्या. मूळ पोथी पुढे धाडीत नष्ट झाली आणि अनुयायांच्या स्मरणातून ‘लीळाचरित्र’ पुन्हा सिद्ध झाले, असे परंपरा सांगते. तांबे टिकले आणि तोंडही टिकले, एकाच गावात. पण चक्रधरांच्या लीळा पाठ असलेली माणसे पुष्कळ होती. एका खेड्यातल्या एका बाईचे जन्मनाव आठवणारी एकच म्हातारी उरलेली असते, आणि तिला फोन करण्याचे निमित्त नेहमीच निघत नाही.

म्हणून गेली काही वर्षे आम्ही एम. ए.च्या मुलांना दिवाळीच्या सुट्टीत एक काम देतो. दिवाळीला अजून काही घरांत भांडी खाली उतरतात. जिथे नाव दिसेल तिथे पातळ कागद ठेवून वरून पेन्सिल फिरवायची. ठिपके कागदावर छान उठतात. मग ते नाव कोणाचे हे घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारायचे आणि जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत, सांगणाऱ्याच्या नावासह, कागदाच्या मागे लिहायचे. फोटो असेल तर पेन्सिलीने पाठीवर, डावीकडून उजवीकडे, नावे. एवढेच. बरेचसे कागद ‘माहीत नाही’ असे लिहून येतात, आणि आम्ही तेही ठेवतो. विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात याला गुण नाहीत, त्यामुळे दरवर्षी निम्मी मुले टाळतात.

मागच्या खेपेला घाटंजीकडच्या एका विद्यार्थ्याने आधीच सांगून टाकले की घरी पितळेचे काहीच नाही, कधी नव्हतेच. सुट्टीनंतर तो मोबाइलमध्ये एक फोटो घेऊन आला. आजीचा हात. मनगटाच्या वर हिरवट झालेली पाच अक्षरे, कातडी सुरकुतल्यामुळे एकमेकांवर सरकलेली. लग्नाआधी जत्रेत मैत्रिणीबरोबर गोंदून घेतलेले आपलेच नाव. शेवटचे अक्षर ‘बा’ की ‘वा’, ते त्याला लागत नव्हते, म्हणून त्याने विचारले. कागदाच्या मागे त्याने आजीचे शब्द तसेच लिहून आणले होते: “बा हाय, बा. मले त्या नावानं कोनी बोलावत नाई आता. पन तू लिहू लागला तं बरोबर लिव्ह.”